जास्तीचं स्टूल

गाझिआंतेपचे लोक दिवसाची सुरुवात मटणाच्या रश्श्याने करतात. त्याचं नाव बेयरान. मेंढीच्या मानेचं मांस रात्रभर मंद आचेवर शिजत ठेवतात आणि पहाटे हाडांवरून सोडवून धाग्याधाग्याने मोकळं करतात. तांब्याच्या पसरट ताटलीत तळाला थोडी चरबी, त्यावर भात, त्यावर ते मांस, वरून ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीची भरड. मग कढत रस्सा ओतून ती ताटली चिमट्याने थेट जाळावर धरायची आणि खदखदायला लागली की तशीच गिऱ्हाइकापुढे ठेवायची. सकाळी साडेसहाला आम्ही गेलो तेव्हा बाकं भरलेली होती. बाजारातले हमाल, रात्रपाळी संपवून आलेली माणसं, नमाजाहून परतणारे म्हातारे. कुणी बोलत नव्हतं. लिंबू पिळायचं, पाव बुडवायचा, नाक पुसायचं, पुन्हा ओरपायचं.

माझा नवरा शाकाहारी आहे. अंडं चालतं, पुढे काही नाही. तो समोर चहाचा ग्लास धरून माझा घाम बघत बसला होता. दुकानदाराला ते पाहवेना. थोड्या वेळाने एक पोरगा रस्ता ओलांडून आला आणि त्याच्यापुढे गरम पाव, पांढरं चीज, ऑलिव्ह आणि काकडी-टोमॅटोची ताटली ठेवून गेला. त्या दुकानात यातलं काहीच मिळत नव्हतं. समोरच्या कुणाकडून तरी मागवलेलं होतं, आणि बिलात ते आलं नाही. विचारलं तर दुकानदाराने छातीवर हात ठेवून मान तिरकी केली आणि दुसऱ्या ताटलीकडे वळला.

गाझिआंतेप तुर्कस्तानच्या आग्नेय भागात आहे, सीरियाच्या सीमेला जवळ. हलब, ज्याला आपण अलेप्पो म्हणतो, ते इथून साधारण १०० किलोमीटरवर. पहिल्या महायुद्धापर्यंत आंतेप हलब प्रांतातच मोडत होतं. फ्रेंच फौजांच्या वेढ्याशी झुंजल्याबद्दल अंकाराच्या संसदेने १९२१ साली शहराला ‘गाझी’ पदवी दिली, पण गावातली माणसं बोलताना अजून नुसतं आंतेपच म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने खाद्यपरंपरेसाठी या गावाला आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. तुर्क, अरब, कुर्द आणि आर्मेनियन अशा सगळ्यांच्या चुलींचा हात इथल्या जेवणाला लागला आहे. त्यातल्या आर्मेनियनांना १९१५ मध्ये हाकलून दिलं गेलं, आणि अलीकडच्या दशकात सीरियातून लाखो लोक इथे आले. खाण्याचं कौतुक करताना हे विसरलं जाऊ नये, म्हणून एकदा लिहून टाकलं.

नवऱ्याच्या फोनमध्ये दिवसाची यादी होती. झेउग्मा मोझेक संग्रहालय, किल्ला, जुन्या सराया, स्वयंपाकघराचं संग्रहालय, दोन मशिदी, संध्याकाळी बाग. यादीतलं पहिलं ठिकाण नऊला उघडणार होतं आणि तेवढ्या वेळात कातमेर खाऊन होईल असा त्याचा हिशोब होता.

कातमेर हा प्रकार मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण माझं बालपण जळगावचं. कारागीर पिठाचा गोळा घेऊन तो संगमरवरी ओट्यावर आपटत, हवेत उडवत इतका पातळ करतो की खालचा दगड दिसायला लागतो. आमच्याकडे लग्नकार्यात मांडे करणाऱ्या बायका हातावर पुरणाचा मांडा अशाच फिरवत वाढवतात आणि उपड्या खापरावर टाकतात. इथे पुरणाऐवजी आत घट्ट सायीचे तुकडे, पिस्त्याचा हिरवा चुरा आणि साखर. चारी बाजूंनी घडी घालून चौकोन करायचा आणि तो भट्टीत ढकलायचा. बाहेर आल्यावर कडा कुरकुरीत, पोटात वितळलेली साय. सोबत थंड दूध. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यामुलाच्या घरून नव्या जोडप्याला कातमेर पाठवायची इथे रीत आहे. भट्टीवाल्याने ती आम्हाला हातवाऱ्यांनी समजावली आणि आमच्या केसांकडे बघून स्वतःच हसला. इथेही पैसे दिल्यावर उठता आलं नाही. चहा आला, तो आम्ही मागवलेला नव्हता.

पुढे तांबटांचा बाजार. दगडी कमानींखाली दोन्ही बाजूंनी ओळीने दुकानं, आणि इतका ठोकण्याचा आवाज की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. एका दुकानासमोर मी एक छोटी कढई हातात घेऊन उलटीपालटी करत होते. आतून नवी कल्हई केलेली, बाहेर हातोडीचे बारीक खळगे. आमच्या ठाण्याच्या वस्तीत कल्हईवाला शेवटचा कधी आला ते कुणाला आठवणार नाही. किंमत विचारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात दुकानदाराने हातोडी खाली ठेवली आणि ओट्यामागून पायाने एक बुटकं लाकडी स्टूल बाहेर सरकवलं. मग दुसरं.

तेव्हापासून मी ती स्टुलं बघायला लागले. प्रत्येक दुकानात ती असतात. मालकाचं एक, कारागिराचं एक आणि वर एक-दोन जास्तीची, कुणाचीच नसलेली. मसाल्याच्या दुकानात, चपला शिवणाऱ्याकडे, अगदी पानाच्या ठेल्याएवढ्या घड्याळवाल्याच्या खोपटातसुद्धा. आपल्याकडे दुकानात गिऱ्हाइकाला बसवतात ते साडीच्या किंवा सोन्याच्या खरेदीला, म्हणजे बिल मोठं होणार असेल तेव्हा. इथे घड्याळाचा पट्टा बदलायलाही बसायचंच.

या आदरातिथ्यात धंदा नसतो असं मी म्हणणार नाही. इस्तंबूलच्या गालिच्यांच्या दुकानात मिळणाऱ्या सफरचंदाच्या चहाची किंमत गालिच्यात लावलेली असते, हे तिथे गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हा तांबटही मला कढई विकणारच होता. पण चहा संपेपर्यंत त्याने कढईचं नाव काढलं नाही, आणि मी काढलं तर हाताने थांबवलं. धंदा आणि आतिथ्य अशा दोन वेगळ्या बरण्या तिथे नाहीत, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चहा मागवायची तऱ्हा मात्र बघण्यासारखी. उस्ताने (कारागिराला उस्ताच म्हणायचं, नाव विचारत बसायचं नाही) भिंतीवरच्या छोट्या इंटरकॉमचं बटण दाबून दोन शब्द सांगितले. काही मिनिटांत एक मुलगा तीन दांड्यांची, वर कडी असलेली थाळी झुलवत गर्दीतून आला. तीत बारीक कमरेचे सहा ग्लास, आणि एक थेंब सांडलेला नाही. उस्ताने खणातून प्लास्टिकच्या रंगीत चकत्या काढून त्याला दिल्या. हिशोब आधीच भरलेला असतो. चकती दिली की झालं. ही चहाची सवय तशी फार जुनी नाही बरं का. काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाचे मळे उभे राहिले ते प्रजासत्ताक आल्यानंतर, गेल्या शतकात. त्याआधीची सगळी बैठक कॉफीवर चालायची. या बाजारापासून थोड्या अंतरावर ताहमिस नावाची १६३० च्या दशकातली कॉफीची जागा अजून चालू आहे. मेव्हलेवी दर्वेशांच्या मठाला उत्पन्न मिळावं म्हणून ती बांधलेली. तिथे आम्ही नंतर मेनेंगिच प्यायलो. जंगली पिस्त्याच्या जातीच्या झाडाची बारीक फळं भाजून, वाटून दुधात उकळतात. कॉफी म्हणतात, पण कॉफीचा दाणाही त्यात नसतो. मला ती आवडली. नवऱ्याने अर्धा कप माझ्याकडे सरकवला.

उस्ताची मुलगी विद्यापीठात शिकते आणि मोकळ्या वेळात दुकानात बसते. तिच्या इंग्रजीमुळे आमचे हातवारे थांबले. आम्ही आदल्या संध्याकाळी हॉटेलजवळ बकलावा खाल्ला हे ऐकून उस्ताचा चेहरा पडला. कुठला, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. मुलीला काहीतरी सांगितलं आणि ती आम्हाला घेऊन गल्लीबोळांतून तिच्या मामाच्या कारखान्यात निघाली. झेउग्मा उघडून तेव्हा दोन तास झाले होते.

कारखान्यात शिरल्यावर आधी काही दिसत नाही. गव्हाच्या स्टार्चची पांढरी भुकटी हवेत तरंगत असते आणि माणसं भुवयांपर्यंत पांढरी. पिठाच्या चकत्यांवर स्टार्च भुरभुरून त्यांची चळत एकावर एक ठेवतात आणि बारीक, लांब लाटण्याने सगळी एकदम लाटतात. सुटी करून उजेडात धरली तर पलीकडचा माणूस दिसतो. थाळ्यात अशा चाळीसेक पापुद्र्यांची थर लागते. मध्यभागी रव्याची पातळ साय आणि वर पिस्ता. हा पिस्ता पूर्ण पिकू देत नाहीत. ऑगस्टमध्ये, आत तेल भरायच्या आधीच उतरवतात, म्हणून रंग असा गडद हिरवा आणि वास कोवळा. तूप शेजारच्या उर्फा गावाकडच्या मेंढ्या-शेळ्यांच्या दुधाचं, आणि भट्टी लाकडाची. मी तुपाच्या डब्यात डोकावून वास घेतला तेव्हा मामा खूश झाले. बहुतेक पाहुणे साखरेबद्दल विचारतात म्हणे.

थाळा भट्टीतून आला की त्यावर उकळता पाक ओततात. तो क्षण ऐकायचा असतो. मामांनी सगळ्यांना गप्प केलं. पाक पडला आणि थाळ्यातून जो चरचराट उठला तो शेवटच्या डावापर्यंत एकसारखा चालू राहिला. मध्येच आवाज बसला तर थाळा बिघडला असं धरतात. खाण्याचीही पद्धत आहे. तुकडा काट्याने उचलून उलटा करायचा, म्हणजे तुपा-पाकाने भिजलेला तळ टाळूला लागतो आणि कुरकुरीत पापुद्रे जिभेवर येतात. दाताखाली आधी आवाज, मग तूप, मग पिस्ता, आणि गोड सगळ्यात शेवटी. २०१३ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने आंतेपच्या बकलाव्याला भौगोलिक संरक्षण दिलं. तुर्कस्तानच्या कुठल्याही पदार्थाला मिळालेलं ते पहिलंच. मामांच्या भिंतीवर त्याचं कात्रण लावलेलं आहे, वाडवडिलांच्या तसबिरींच्या खाली. पैसे घेतले नाहीत. मी जरा जास्तच आग्रह धरला तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, “आब्ला (म्हणजे ताई), नका. त्यांना वाईट वाटेल.”

दुकानात परतलो तर उस्ताने घरी फोन करून ठेवला होता. थाळे भट्टीत गेले आहेत, आता जेवायला चला. आम्हाला विचारण्याचा भाग त्यात नव्हताच.

हे थाळ्यांचं प्रकरण मला दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. आंतेपमध्ये गल्लीगल्लीत पावाची भट्टी आहे. घरची बाई वांगी, मिरच्या, खिमा थाळ्यात रचते आणि थाळा भट्टीवर पाठवते. लाहमाजुन, म्हणजे खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी, करायचा असेल तर वरचा खिमा घरचा किंवा खाटकाकडून तयार करून घेतलेला, त्यात कांद्याऐवजी लसूण, कारण कांदा घालतात ते शेजारचे उर्फावाले. आणि पीठ, आग, मेहनत भट्टीवाल्याची. थाळ्यामागे थोडे पैसे द्यायचे आणि दुपारी भाजलेला थाळा वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारून घरी यायचं. उस्ता तसाच निघाला. एक थाळा खिमा-वांग्याचा आणि दुसरा नुसत्या भाज्यांचा. फोनवर त्याने शाकाहाराबद्दल सांगितलं होतं तर.

घर चौथ्या मजल्यावर. दारात चपला काढायच्या, आणि आत पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता घालायच्या. मग हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या. उस्ताच्या बायकोला आम्ही मुलीच्या मैत्रिणी म्हणतात तसं तेयझे, म्हणजे मावशी, म्हणू लागलो. वयाने ती माझ्याएवढीच असेल. तिने माझा हात धरून सोफ्यावर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला की तुमच्याकडे बायका झोपताना दागिने काढत नाहीत का. तुर्की टीव्हीवर डब केलेल्या हिंदी मालिका ती रोज बघते. मी गळ्यातलं साधं मंगळसूत्र दाखवलं तेव्हा तिची थोडी निराशा झाली. मीही तिला सांगितलं की ठाण्याच्या आमच्या सोसायटीत निम्म्या बायका मोबाइलवर तुर्की मालिका बघतात आणि सगळ्यांना वाटतं की तुमच्याकडे प्रत्येकाचं घर बोस्फोरसच्या काठावर असतं. यावर उस्तासुद्धा हसला.

जेवण जमिनीवर नव्हे, टेबलावर मांडलं होतं. भट्टीतली वांगी, टोमॅटो आणि लसूण, सालं करपलेली. फिरिकचा भात, हा तांदळाचा नसतो, गव्हाच्या हिरव्या ओंब्या शेतातच जाळावर भाजून काढलेल्या दाण्यांचा असतो आणि घासागणिक धुराचा वास देतो. माझ्यासाठी युवालामा, तांदळाचं पीठ आणि मांस मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळतात, दह्याच्या रश्श्यात सोडतात आणि वरून पुदिन्याची फोडणी. तो रमजान ईदचा पदार्थ. शेजारणी जमून हजारो गोळ्या वळतात, आणि तेयझेने त्यातल्या थोड्या फ्रीझरमध्ये राखून ठेवल्या होत्या. नवऱ्यासाठी मालहिताली कोफ्ते, म्हणजे मसूर डाळ आणि बुलगूर (उकडून भरडलेला गहू) एकत्र मळून मुठीने वळलेले मुटके, ज्यावर बोटांचे ठसे राहतात. ते सॅलडच्या पानात गुंडाळायचे, लिंबू पिळायचं. तांब्याच्या वाडग्यात फेसाळ आयरान, म्हणजे ताक.

आणि तेयझे बसली. आमच्याबरोबर, पहिल्या घासापासून शेवटपर्यंत. मी आग्रहाच्या घरात वाढले आहे. ताटावर आडवा हात, वाढणारीची शपथ, शेवटी पोळी पडतेच. आणि हे सगळं चालू असताना घरातली बाई तव्यापाशी उभी असते. पाहुणे पान खात असतात तेव्हा ती जेवायला बसते. आमच्या पाहुणचारात पाहुण्याला बाई दिसते ती बहुतेक पाठमोरी. इथे पोळ्या भट्टीतल्या, भाजणं भट्टीवाल्याचं, गोड बाजारातलं, दुकानातला चहासुद्धा इंटरकॉमवरचा. गावानेच कामं अशी वाटून घेतली आहेत की यजमानाला उठावं लागू नये. ते जास्तीचं स्टूल परवडतं ते त्यामुळे.

काम नाहीसं झालेलं नाही, हेही खरं. गच्चीत चला म्हणाली म्हणून गेलो तर दोरीवर कोरलेल्या वांग्यांच्या आणि लाल मिरच्यांच्या माळाच माळा. सप्टेंबर हा वाळवणाचा महिना. शेकडो वांगी पोखरून, दोऱ्यात ओवून उन्हात टांगतात आणि हिवाळाभर त्यांत सारण भरून डोल्मे करतात. कोरायचं काम बायकांचंच. तेयझेच्या अंगठ्याला चाकूचे जुने काप होते. पण ते काम तिने आधी, स्वतःच्या वेळेला, शेजारणींबरोबर बसून केलेलं. आम्ही आलो तेव्हा ती मोकळी होती.

डाळिंबाच्या आंबटगोड पाकाच्या बाटल्या तिने स्वयंपाकघरात जमिनीलगत ओळीने ठेवल्या होत्या. पूर्वी वरच्या फळीवर असत. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी त्या सगळ्या खाली आल्या. त्या भूकंपात तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसं गेली. आंतेप शहर त्यामानाने वाचलं, पण किल्ल्याचे बुरूज ढासळले आणि याच प्रांतातली नुरदाई, इस्लाहिये ही गावं कोसळली. ही मंडळी थंडीत कितीतरी रात्री गाडीत झोपली. तेयझे हे सांगत असताना उस्ता डाळिंब सोलत होता आणि दाणे आमच्या ताटलीत टाकत होता.

जेवणानंतर चहा, चहानंतर फळं, फळांनंतर पिस्ते, मग कॉफी. कप बशीत उपडा घालून तेयझेने गाळातलं माझं नशीब वाचलं. मासा दिसला म्हणे, म्हणजे काहीतरी चांगलं येणार. आणि एक लांब रस्ता, जो तसाही दुसऱ्या दिवशी होताच. पुन्हा चहा. मुलीने नवऱ्याला तोपर्यंत युक्ती शिकवली होती. चमचा ग्लासाच्या तोंडावर आडवा ठेवला की आणखी ओतत नाहीत. त्याने ठेवला, आणि खरोखरच कुणी ओतलं नाही, कुणी शपथ घातली नाही. पण उठूही दिलं नाही. खिडकीबाहेर दिवे लागले होते. फोनमधली यादी त्याने केव्हाच बंद केली होती.

झेउग्मा आम्ही दुसऱ्या दिवशी, गाडीची वेळ सांभाळत भराभर पाहिलं. फरात नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या रोमन घरांतून सोडवून आणलेली मोझेक चित्रं तिथे आहेत. ‘जिप्सी मुली’च्या अंधाऱ्या खोलीत गर्दी होती. मला आवडलं ते दुसरंच, जुन्या ग्रीक नाटकातल्या न्याहारीला जमलेल्या बायकांचं. त्यांच्यातलीही कुणी चुलीपाशी उभी नाही.

कढई घेतली. भाव उस्ताने सांगितला तो मी दिला. इतकं खाल्ल्यावर घासाघीस करायला तोंड नव्हतं, आणि मला वाटतं त्याने तो कमीच सांगितला होता. वर वांग्यांची एक माळ पिशवीत कोंबली गेली.

परत आल्यावर जळगावच्या मावशीचा मांडे करतानाचा व्हिडिओ मी उस्ताच्या मुलीला पाठवला. तेयझेचा आवाजी निरोप आला आणि खाली मुलीने त्याचा तर्जुमा लिहिला होता. हात छान आहे. खापर आवडलं, आमच्याकडे असं नसतं. तूप कमी घातलंय. आणि ती बाई उभी का आहे, तिला कुणीतरी स्टूल द्या.